सात स्वर, सात फिती: ‘म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’मधला ‘२/१’ घरी बांधण्याच्या नोंदी

२४ नोव्हेंबर, रविवार

काम काय ते आधी. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोचा ‘एम्बियंट १: म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स’ हा १९७८ चा अल्बम. त्यातला ‘२/१’ हा तुकडा, त्याने केला तसाच, खऱ्या फितीचे लूप, म्हणजे टोकाला टोक जोडलेली वेटोळी, फिरवून घरी करायचा. नावात गूढ काही नाही. पहिल्या बाजूचा दुसरा तुकडा, म्हणून २/१. वाद्य एकही नाही, नुसते ‘आ’ धरलेले आवाज. सात स्वर, प्रत्येकाची वेगळी फीत, आणि फितींची लांबी एकमेकींशी न जुळणारी. त्यामुळे स्वर दर फेरीला नव्याने भेटतात. यापलीकडचा सिद्धांत इथे लिहिणार नाही.

कॉलेजात असताना हा अल्बम माझ्याकडे कॅसेटवर होता. ऐकायचे ती पियानोची पहिली बाजू, आणि आवाज सुरू झाले की बहुतेक वेळा झोप लागलेली असायची. गेल्या महिन्यात चांगल्या हेडफोनवर पुन्हा लावला आणि इतकी वर्षं सिंथेसायझर समजत होते ती माणसं निघाली. ‘आ’ संपताना श्वास सुटल्याचं कळतं. तिथून हे सुरू झालं.

आज जुन्या बाजारातून स्पूलचा टेपरेकॉर्डर आणला. जपानी, स्टिरिओ, सेकंदाला १९ आणि ९.५ सेंटिमीटर असे दोन वेग. साडेसहा हजार. विकणाऱ्याने ‘चालू आहे ताई’ म्हणून दिवा लावून दाखवला. चालू होता तो दिवाच.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ऑफिसातून परस्पर तपकीर गल्ली, पुण्यातला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. तिथल्या एका काकांनी मागचं झाकण काढलं आणि मला बोलावून दाखवलं: रबरी पट्टा वितळून डांबर झाला होता. तो पुलीवरून, फ्लायव्हीलवरून कापसाच्या बोळ्याने आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून काढावा लागतो. काका म्हणाले, ‘हे काम तुम्ही घरी करा, माझ्या पोराला मी याचे पैसे लावले तर तुम्हाला परवडणार नाहीत.’ खरं होतं. एक अख्खी संध्याकाळ गेली, आणि नखांत शिरलेलं काळं भाजी चिरताना दोन दिवस दिसत राहिलं. हातमोजे घाला.

नवा पट्टा मिळत नाही. काकांनी मापाच्या जवळ जाणारा चौकोनी रबराचा पट्टा बसवला, फीत वाचणारे हेड साफ केले, फीत पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरला बारीक पॉलिश पेपर मारला. एकूण ९०० रुपये. पट्टा ‘जवळ जाणारा’ आहे हे लक्षात ठेवा, पुढे त्याचा हिशेब चुकवावा लागणार आहे.

१ डिसेंबर, रविवार

फितीला हात लावण्याआधी लॅपटॉपवर कच्चा नमुना केला. मोबाइलमधल्या हार्मोनियमचे स्वर घेतले आणि लूपच्या लांब्या ठेवल्या २०, २४, ३० सेकंद अशा सुटसुटीत. पहिलं मिनिट फार छान वाटलं. मग लक्षात आलं की दर दोन मिनिटांनी तिन्ही एकदम येऊन आदळतात आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. २०, २४, ३० यांचा लसावि १२०. शाळेत काढलेला लसावि आयुष्यात पहिल्यांदा कानांनी ऐकला.

ईनोने १९९६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला दिलेल्या एका भाषणात याच तुकड्याच्या तीन फितींच्या लांब्या सांगितल्या आहेत: साडेतेवीस सेकंद, पंचवीस पूर्णांक सात अष्टमांश, आणि एकोणतीस पूर्णांक पंधरा सोळांश. शेवटच्या दोघींना ‘साधारण असं काहीतरी’ अशी पुस्तीही त्याने जोडली आहे. कागदावर हे आकडे घेऊन लसावि काढला तर तिघी एकत्र सुटल्यावर पुन्हा एकत्र यायला २३ लाख ३० हजार सेकंद लागतात. म्हणजे २७ दिवसांना जरा कमी. आणि अशा अजून चार फिती घालायच्या आहेत.

पहिल्या तीन लांब्या त्याच्या घेतल्या. उरलेल्या चार मी फीत दिवाणखान्यात पसरून, जिथे वाटलं तिथे कापणार. मोजणी नंतर.

७ डिसेंबर, शनिवार

फिती. कोरी नवी पाव इंची फीत बाहेरून मागवावी लागते आणि आयात कर धरून डोळे पांढरे होतात. म्हणून जुनी स्पूलं घेतली, दोनशे ते तीनशे रुपयांना एक.

घेताना हे बघा. स्पूल उजेडासमोर धरायचं. कडेने पाहिल्यावर फितीचा गठ्ठा अर्धपारदर्शक दिसला तर ती ॲसिटेट. ती वयाने ठिसूळ होते आणि खांबाला वळताना कट्‌कन तुटते. उजेड आरपार येत नसेल तर पॉलिएस्टर, ती घ्या. माझ्या पहिल्या खरेदीतली निम्मी स्पूलं ॲसिटेट निघाली, ती बाजूला ठेवली. दुसरी परीक्षा बोटाची: फीत चिमटीतून ओढायची, बोटाला चॉकलेटी चिकट पूड लागली तर ती तुमचं हेड पाच मिनिटांत बुजवणार.

एका स्पूलवर कुणाच्या तरी घरचं रेकॉर्डिंग निघालं. एक लहान मुलगा पाढे म्हणतोय, सत्ताविसाच्या पाढ्याला अडखळतोय, मागून कुणी बाई हसतेय. ते पुसवलं नाही. आधी लॅपटॉपवर उतरवून घेतलं आणि स्पूल वेगळं ठेवलं. कामाला उशीर झाला तो झाला.

१४ डिसेंबर, शनिवार

आज आवाज. मूळ रेकॉर्डवर क्रिस्टा फास्ट, क्रिस्टीन गोमेझ आणि इंगे झाइनिंगर अशा तिघी गातात. माझ्याकडे एकच, माझी भाची. किराणा घराण्याच्या पद्धतीने गाणं शिकते, आता बारावीला आहे, म्हणून दोन तासांच्या वर द्यायला आमची ताई तयार नव्हती.

तुकड्यातले स्वर पेटीच्या भाषेत पांढरी चार, काळी चार, पांढरी एक, काळी एक, काळी दोन, आणि वरच्या सप्तकातली पांढरी चार व काळी चार. मी हे वाचून दाखवत होते तर ती म्हणाली, ‘मावशी, माझी काळी चारच आहे. सा धरून सांग ना सरळ.’ काळी चार सा धरला की सगळं उलगडतं: मंद्र धैवत, सा, ग, म, प, ध आणि तार सा. सगळे शुद्ध. री आणि नी वर्ज्य. तिच्या गळ्याला हे सप्तक अगदी घरचं, तेच ठेवलं. सा ग म प ध ऐकल्याबरोबर तिने ‘नागस्वरावली!’ असं रागाचं नाव घेऊन एक सुरावट टाकली आणि मग ती आलापीतून बाहेर येईना. मला एका वेळी एकच स्वर हवा होता, कुठून न येणारा, कुठे न जाणारा. ज्या मुलीला सहा वर्षं स्वराकडे मींडेने, म्हणजे आधीच्या स्वरावरून घसरत, जायला शिकवलंय तिला हे सांगणं सोपं नाही. प्रत्येक पंचम मध्यमाला स्पर्श करून येत होता.

शेवटी उपाय तिनेच काढला. डोळे मिटून आधी स्वर मनात ठरवायचा, ओठ मिटून ‘म्’वर धरायचा आणि मग तोंड हळूहळू उघडायचं. सुरुवातीचा धक्का गेला, मींडही गेली. शेवटी श्वास संपेपर्यंत आवाज कमी करत न्यायचा. सात ते दहा सेकंदांचा एक ‘आ’. प्रत्येक स्वर तीन वेळा घेतला, तिघींच्या जागी एकीचेच तीन थर लावायला.

दोन गोष्टी बिघडल्या. तानपुऱ्याचं ॲप तिच्या उघड्या हेडफोनमधून बाहेर झिरपून माइकमध्ये शिरलं, पहिल्या फेरीतले सगळे स्वर टाकून द्यावे लागले. बंद कपाचे हेडफोन वापरा. दुसरं बिघडणं नव्हतंच, पण मला तसं वाटलं: तिचा गंधार पेटीच्या गंधारापेक्षा बारीकसा उतरलेला होता. मी दुरुस्त करायला सांगितलं. ती म्हणाली, ‘पेटीचा चढा असतो, हा तानपुऱ्यातला आहे.’ फरक १४ सेंटचा, म्हणजे दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा सातवा भाग. पट्टीशी ताडून पाहिलं, मग न ताडता ऐकलं. तिचाच ठेवला. मूळपासून इथे मी जाणूनबुजून वेगळी झाले आहे आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. शिवाय ईनोने १९८० मध्ये ज्या जॉन हॅसेल या ट्रंपेटवादकाबरोबर ‘फोर्थ वर्ल्ड’ अल्बमचा पहिला खंड केला, तो पंडित प्राणनाथांचा शिष्य, म्हणजे किराण्याचाच. तेव्हा हा गंधार त्या घरात अगदीच अनोळखी नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काल माइक चालू ठेवूनच प्रत्येक स्वरामागची शांतताही फितीवर घेतली होती. कल्पना अशी की स्वर आणि शांतता एकाच तुकड्यात आली की जोड एकच लागेल. आज पंचमाचा लूप फिरवला. स्वर आला, विरला, शांतता आली आणि शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी झाली. मग पुन्हा पंचम, पुन्हा शिट्टी. दर अर्ध्या मिनिटाला. सा च्या फितीत रिव्हर्स घेणाऱ्या गाडीचं गाणं होतं, धैवताच्या फितीत मीच खुर्ची सरकवली होती. सरळ रेकॉर्डिंगमध्ये कान जे माफ करतो ते लूपमध्ये करत नाही.

म्हणून सगळं पुन्हा. स्वराचा तेवढा तुकडा कापायचा आणि त्याला पुसलेल्या फितीची लांबी जोडायची. एका लूपला दोन जोड. पुसायला वेगळं यंत्र लागत नाही, इनपुट शून्यावर ठेवून रेकॉर्ड दाबून संपूर्ण फीत एकदा जाऊ द्यायची.

जोडाविषयी. घरातली सेलोटेप अजिबात लावू नका. मी लावली. तासाभरात तिचा डिंक कडेने बाहेर आला, शेजारच्या थराला चिकटला आणि हेडवर जमा झाला. स्प्लायसिंग टेप वेगळी असते, फितीहून किंचित अरुंद, कोरडी. ती मिळेपर्यंत काम थांबलं (कुरिअरसकट ६५० रुपये, पुढच्या वीस लूपना पुरेल). काप तिरका, ४५ अंशांत, म्हणजे जोड हेडवरून एकदम न जाता घसरत जातो. कापायला दाढीचं पातं चालतं पण ते चुंबकाजवळ ठेवलेलं नसावं. माझं पातं स्क्रूड्रायव्हरच्या डब्यात होतं, त्या डब्यात चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर. प्रत्येक जोडाला ‘टक्’ असा आवाज येत होता आणि मी उगीच जोडाची कड तपासत बसले होते.

जागा वाचवायला ९.५ च्या वेगावरही एक लूप करून पाहिला. फीत निम्मी लागते खरी, पण खरखर वाढते, आवाजाची वरची झळाळी जाते आणि जोडाचा हिसका जास्त जाणवतो. नको.

२२ डिसेंबर, रविवार

ईनो त्या भाषणात सांगतो की जर्मन निर्माता कॉनी प्लांकच्या स्टुडिओत फीत ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या खुर्च्यांभोवती फिरत होती. तो स्टुडिओ कोलोनजवळच्या वोल्पेरात गावातला. वाचताना मला हे निव्वळ गमतीचं वर्णन वाटलं होतं.

मी आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या. त्यांचे पाय इंग्रजी एल आकाराचे, कडा बोथट. फीत पायावरून वर चढत जाते, पीळ खाते आणि डेकमध्ये उलटी बाजू घेऊन शिरते. आवाज एकदम गाडीखाली गेल्यासारखा होतो. आईने विचारलं, ‘खुर्च्या कधी मोकळ्या होणार?’ तिला हळदीकुंकवाची काळजी होती. संक्रांत लांब होती पण प्रश्न रास्त होता.

मग वायरिंगचे पीव्हीसी पाइप कापून, कुंड्यांत वाळू भरून, उभे खांब केले. फीत छान चालली, पीळ गेला. पण आवाजात तडतड. आधी वाटलं जोड, मग वाटलं हेड, मग काकांनी बदललेला कपॅसिटर. एक संपूर्ण शनिवार यात गेला. रात्री दिवे मालवून केबल काढायला वाकले तेव्हा खांबाजवळ हाताचे केस उभे राहिले. डिसेंबरची पुण्याची कोरडी हवा, पॉलिएस्टरची फीत, प्लास्टिकचा खांब. दर फेरीला घासून वीज साठत होती आणि हेडवर येऊन सुटत होती.

आता त्या ॲल्युमिनियमच्या खुर्च्यांचा अर्थ लागला. गोल नळी, त्यामुळे फितीला कड लागत नाही. धातू, त्यामुळे वीज साठत नाही. आणि लोखंड नाही, त्यामुळे चुंबकत्व धरत नाही. त्याने हा सगळा विचार करून खुर्च्या निवडल्या की हाताशी होत्या म्हणून घेतल्या, काही असो, खुर्ची बरोबर होती.

हार्डवेअरच्या दुकानातून पडद्याचे ॲल्युमिनियम रॉड आणले, पाऊण इंची, सहा तुकडे करून ४८० रुपये. पीव्हीसी काढून तेच कुंड्यांत रोवले. सगळ्यांना तळाशी उघडी तांब्याची तार गुंडाळून ती डेकच्या बॉडीला जोडली. त्याआधी काकांनी बॉडीला टेस्टर लावून गळती नाही याची खात्री केली होती. जुन्या यंत्रावर ही खात्री केल्याशिवाय तार जोडू नका. तडतड गेली.

बारीक गोष्टी, लक्षात राहतील तशा: पंखा बंद. डेकवर स्पूल नसलं की ताण मोजणारी दांडी खाली पडते आणि यंत्र आपोआप थांबतं, तिला रबरबँडने वर बांधायचं. फीत सैल नको म्हणून शेवटच्या खांबाजवळ तिच्या वेढ्यात एक रिकामं प्लास्टिकचं स्पूल अडकवून लोंबतं सोडलं, तेवढंच वजन पुरतं. जास्त ओढलं तर स्वर थरथरतो. आणि मांजर असेल तर तिला दुसऱ्या खोलीत. आमच्याकडे नाही, शेजाऱ्यांची येते.

२९ डिसेंबर, रविवार

साडेतेवीस सेकंदांची फीत कापली होती ती १९.०५ सेंटिमीटर दर सेकंदाला या हिशेबाने: ४ मीटर ४८ सेंटिमीटर. घड्याळ लावलं तर फेरीला चोवीसच्या जरा वर. पंचवीस वालीही जास्त, एकोणतीस वालीही जास्त.

पट्टा ‘जवळ जाणारा’ होता ना, तो हा. वेग मोजायची सोपी रीत: गच्चीवर टेप धरून १९ मीटर ५ सेंटिमीटर फीत मोजली, दोन्ही टोकांना पांढऱ्या पेन्सिलीची खूण केली, स्पूलला गुंडाळून चालवली. वेग बरोबर असता तर दोन खुणांत १०० सेकंद जायला हवे होते. १०२.४ गेले. म्हणजे खरा वेग सेकंदाला १८.६. स्वर मात्र बिघडत नाही, कारण ज्या हळू यंत्रावर रेकॉर्ड केलं त्याच हळू यंत्रावर वाजतंय. म्हणूनच हे इतके दिवस कळलं नाही.

नव्या हिशेबाने तीन फिती ४३७, ४८१ आणि ५५७ सेंटिमीटरच्या झाल्या. शांततेच्या भागातून कापायचं, स्वराला धक्का नाही. अंदाजाने कापलेल्या बाकीच्या चार मोजल्या: १९.८, २१.३, २७.४ आणि ३१.१ सेकंद. तशाच ठेवल्या.

मग हौसेने प्रत्येक फेरी घड्याळावर लिहीत बसले. साडेतेवीसची फीत यंत्र थंड असताना २३.७ सेकंद घेते, तापल्यावर २३.४ वर येते. मध्येच पुन्हा २३.५. माझ्या यंत्रावर तरी सोळांश सेकंदाच्या गप्पा फोल आहेत, आणि १ डिसेंबरच्या नोंदीतले २७ दिवसही कागदावरच. फिती परत एकत्र येतील तो क्षण गाठायला त्यांना आधी एका वेगाने धावता आलं पाहिजे. ‘साधारण असं काहीतरी’ हे त्याचं शेपूट मला आता सगळ्यात अचूक वाटतं.

५ जानेवारी, रविवार

यंत्र एकच, फिती सात. एकदम फिरवायला सात यंत्रं हवीत, ती नाहीत. म्हणून प्रत्येक लूप चाळीस मिनिटं एकटा फिरवून लॅपटॉपवर उतरवला आणि सातही ओळी एकाखाली एक लावल्या. शुद्धतावादी म्हणतील मग एकच फेरी उतरवून कॉपी-पेस्ट का नाही केली. ते करून पाहिलं. दहा मिनिटांत कान कंटाळतो. फितीच्या प्रत्येक फेरीत वेग जरा हलतो, ताण जरा हलतो, जोड येताना वरचा पडदा क्षणभर धूसर होतो. एकेकटं काही कळत नाही. सात ओळींत मिळून कळतं.

खरखर मात्र वाढली. एका फितीची खरखर कानाला लागत नाही. सातांची बेरीज झाली की साडेआठ डेसिबलने चढते. सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन लावलं तर भाचीचा ‘आ’ बादलीतून आल्यासारखा झाला, काढून टाकलं. स्वर संपल्यावर ओळ आपोआप बंद करणारा गेट लावला तर खरखर स्वराबरोबर येऊन स्वराबरोबर जाऊ लागली, ते त्याहून वाईट. शेवटी ९ किलोहर्ट्‌झच्या वर हलका उतार दिला आणि बाकीची राहू दिली. सतत असली की पाच मिनिटांनी ती ऐकू येत नाही.

चाळीस मिनिटं फीत फिरताना माणसाने काय करायचं, तर खोलीत बसून राहायचं. उठून गेले की फीत निसटते. पुस्तक वाचता येतं. फोन वाजला तर कंपन जमिनीतून कुंडीत जातं, सायलेंटवरही. फोन गादीवर ठेवा.

१२ जानेवारी, रविवार

आता चाळीस मिनिटांचं अखंड मिश्रण आहे आणि त्यातून नऊ मिनिटांच्या आतबाहेरचा तुकडा काढायचाय. मला वाटत होतं काम झालं. हेच सगळ्यात जास्त वेळ खाणारं निघालं.

पहिल्या सहा मिनिटांत मंद्र धैवत आणि सा जवळजवळ येतात आणि सगळं जड, उदास होतं. अकराव्या मिनिटाला म आणि प एकमेकांना इतके चिकटून येतात की खटकतं. सतराव्या मिनिटापासून मात्र एक जागा अशी येते की तार सा येतो, विरतो, आणि पाच-सहा सेकंद काहीच येत नाही. एकही फीत बोलत नाही. मग खालून गंधार. ती शांतता मी आखलेली नाही, सात कापांच्या हिशेबातून पडली. पण ती ठेवायची हे मी ठरवलं. तुकडा सोळाव्या मिनिटाच्या जरा नंतर सुरू केला, म्हणजे ती रिकामी जागा फार लवकर येत नाही.

हे करून झाल्यावर मूळ पुन्हा लावला. या अल्बमबद्दल सगळीकडे वाचायला मिळतं की यंत्रणा उभी केली, सोडून दिली, संगीत आपोआप झालं. आपोआप झालं असेल, पण रेकॉर्डवरचा तुकडा साडेआठ मिनिटांच्या आसपासच आहे. कुठून सुरू करायचा आणि कुठे विरू द्यायचा हे कुणीतरी कान लावून निवडलंय. आधी कधी ऐकू न आलेल्या निवडी आता ऐकू येतात. पहिल्या तुकड्याचंही तसंच. १/१ मधला पियानो रॉबर्ट वायटचा. वादक वाजवत असताना दोन वाद्यं योगायोगाने छान जुळली तेवढाच अंश ईनोने उचलला, त्याचा लूप केला आणि अर्ध्या वेगाने लावला. योगायोग वादकांचा, पण तोच उचलायचा आणि बाकीचा टाकायचा हा निर्णय त्याचा.

त्याला स्वतःलाही हे टोचत असावं. यंत्रणा फिरवत ठेवली की तासन्‌तास नवं देते, आणि रेकॉर्ड विकत घेणाऱ्याला मिळतो तो त्यातला एक कायमचा तुकडा. त्या १९९६ च्या भाषणाचा विषयही तोच होता, आणि त्याच वर्षी त्याने ‘जनरेटिव्ह म्यूझिक १’ फ्लॉपीवर काढलं, जे दर वेळी वेगळं वाजतं. मला विचाराल तर मला एलपीच बरी वाटते. चाळीस मिनिटं सगळी ऐकल्यावर सांगते: त्यातली पंचवीस टाकण्याच्या लायकीची होती.

भाचीला ऐकवलं. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, ‘माझा पंचम अजून जरा मध्यमाला लागतोय.’ लागतोय खरा.

१९ जानेवारी, रविवार

खर्च: यंत्र ६,५००, पट्टा आणि काकांचं काम ९००, फिती २,१०० (त्यातल्या निम्म्या वाया), स्प्लायसिंग टेप ६५०, रॉड ४८०, अल्कोहोल-कापूस-पेन्सिली २०० च्या आत. ऑडिओ इंटरफेस आणि माइक घरात होते. कुंड्या आईच्या, रोपं तात्पुरती बादलीत हलवली होती, एक तुळस दगावली, ती नवी आणून दिली.

वेळ सर्वात जास्त गेला तो तडतडीत आणि मिश्रण निवडण्यात. आवाजाचं रेकॉर्डिंग, ज्याची मला भीती होती, ते भाचीमुळे सर्वात लवकर आटपलं. पुन्हा केलं तर वेग पहिल्याच दिवशी मोजीन, रॉड पहिल्याच दिवशी ॲल्युमिनियमचे आणीन आणि स्वराबरोबर शांतता रेकॉर्ड करणार नाही.

फिती जपून ठेवल्या आहेत, प्रत्येकीला लेबल, त्यावर फेरीचे सेकंद आणि खऱ्या सेंटिमीटरमधली लांबी. कुणाला नेऊन वाजवायच्या असतील तर लेबलावरचे सेकंद १८.६ च्या वेगाचे आहेत. तुमचं यंत्र बरोबर १९.०५ ने चालत असेल तर स्वर साधारण ४० सेंट, म्हणजे दोन लागोपाठच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जरा कमी, चढे ऐकू येतील आणि फेऱ्या लवकर संपतील. काकांना आता नेमक्या मापाचा पट्टा सापडलाय. तो अजून बसवलेला नाही, कारण बसवला की माझ्याही फिती चढ्या वाजतील. आधी १/२ साठी पेटी न आणता खरा पियानो कुणाकडे मिळतो ते बघायचंय. त्या तुकड्यात हेच आवाज आहेत आणि जोडीला पियानो. तो होईपर्यंत जुनाच पट्टा.